ड्रायर बिघडला? आधी हवेची वाट तपासावी

बंगळुरू : समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवरील या शहरात पावसाचा खरा जोर सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये असतो. नैर्ऋत्य मोसमी वारे माघारी फिरल्यावरही ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे नोव्हेंबरपर्यंत आभाळ भरून येत राहते. बसवनगुडीतील दोड्ड बसवाच्या मंदिराजवळ कार्तिकाच्या अखेरच्या सोमवारी भुईमुगाच्या शेंगांची प्रसिद्ध जत्रा, म्हणजे ‘कडलेकाई परिषे’ भरते, तोवर दोरीवरच्या कपड्यांना दमट हवेतला कुबट वास लागून गेलेला असतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, प्लेगच्या साथीच्या काळात आकाराला आलेली ही वसाहत रुंद रस्ते, मोकळे अंगण आणि खेळती हवा यांचा विचार करून आखण्यात आली होती. आता अनेक जुन्या बैठ्या घरांच्या जागी बहुमजली इमारती उभ्या राहिल्या आहेत. अंगणाची जागा स्वयंपाकघरामागच्या अरुंद सज्जाने, म्हणजे बंगळुरूच्या बोलीतील ‘युटिलिटी’ने घेतली आहे. कपडे वाळवण्याचे यंत्रही याच कोपऱ्यात, बहुतेकदा भिंतीला चिकटवून ठेवलेले असते.

या यंत्राबाबतच्या नेहमीच्या तक्रारी मोजक्याच आहेत. कपडे ओले राहतात, वेळ फार लागतो, यंत्र मध्येच बंद पडते किंवा सुरूच होत नाही. अशा वेळी पहिला संशय ‘कॉइल जळली’ असा घेतला जातो आणि कॉइल बदललीही जाते. काही आठवड्यांनी तीच तक्रार पुन्हा उद्भवते. याचे कारण ड्रायरच्या कार्यपद्धतीत आहे. हे यंत्र कपडे भाजत नाही. तापवलेली हवा कपड्यांतून खेळवून त्यांतील ओल बाहेर नेते. हवेची ही वाट कोठे तुंबली, तर उष्णता कितीही असो, ओल जागच्या जागी राहते आणि न हललेली उष्णता यंत्रालाच जाळू लागते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. भारतीय घरांत ‘ड्रायर’ हा शब्द दोन वेगळ्या वस्तूंसाठी वापरला जातो. अर्धस्वयंचलित धुलाई यंत्रातील लहान, वेगाने फिरणारे भांडे हा पहिला ड्रायर. तो कपडे पिळतो, वाळवत नाही. त्यात तापवण्याची कोणतीही सोय नसते. दुसरा म्हणजे गरम हवेने कपडे वाळवणारे स्वतंत्र यंत्र. दुरुस्तीसाठी दूरध्वनी करताना यांपैकी कोणता बिघडला आहे, हे आधीच सांगितल्यास एक फेरी वाचते.

पिळण्यातच अर्धे काम

एक किलो पाण्याची वाफ करण्यासाठी, यंत्रात काहीही वाया गेले नाही असे धरले तरी, सुमारे पाऊण युनिटच्या जवळपास वीज लागते. पाच किलो सुक्या सुती कपड्यांत धुलाईनंतर तीन किलो पाणी उरले असेल, तर केवळ तेवढ्यासाठी दोन युनिट खर्ची पडतात. प्रत्यक्षात तीन किंवा त्याहून अधिक. म्हणून ‘ड्रायर वेळ फार घेतो’ या तक्रारीचा उगम अनेकदा धुलाई यंत्रातच असतो. पिळण्याचा वेग कमी ठेवला असेल किंवा पाणी बाहेर सोडणारा पंप तुंबलेला असेल, तर ड्रायरवर दुप्पट भार येतो. ड्रायरमध्ये टाकलेला टॉवेल हाताने पिळून पाहावा. त्यातून पाणी टपकल्यास तपासणी धुलाई यंत्रापासून सुरू करावी.

धुणे आणि वाळवणे एकाच पिंपात करणाऱ्या संयुक्त यंत्रांची गोष्ट थोडी निराळी आहे. आठ किलो कपडे धुणारे असे यंत्र साधारणतः पाच किलोच वाळवू शकते. धुतलेले सर्व कपडे तसेच आत ठेवून वाळवण्याचे बटण दाबल्यास निकाल ओलाच येणार. शिवाय यांतील अनेक यंत्रे वाफेचे पुन्हा पाणी करण्यासाठी नळाचे थंड पाणी वापरतात. पाणीपुरवठ्याच्या वेळा ठरलेल्या भागात, टाकी रिकामी असताना किंवा नळ बंद असताना असे यंत्र तासन्‌तास फिरते आणि कपडे दमटच राहतात. हा बिघाड नव्हे, पण त्यासाठी कारागिराला मात्र बोलावले जाते.

लव, जाळी आणि नळी

प्रत्येक वाळवणीत कपड्यांतून सूक्ष्म तंतू सुटतात. सुती टॉवेल आणि चादरींतून ते सर्वाधिक निघतात. ही लव अडवण्यासाठी दाराजवळ गाळणीसारखी जाळी असते आणि ती प्रत्येक वेळी साफ करणे अपेक्षित असते. जाळी दिसायला स्वच्छ असूनही बंद असू शकते, कारण कपडे मऊ करणाऱ्या द्रावणाचा पातळ थर तिच्या छिद्रांवर बसतो. जाळीवर नळाचे पाणी सोडून पाहावे. पाणी वर साचून राहिले, तर तीच अवस्था हवेची होत आहे असे समजावे. मऊ ब्रश आणि साबणाच्या कोमट पाण्याने जाळी धुवावी व पूर्ण सुकल्यावरच परत बसवावी.

जाळीतून निसटलेली लव पुढे पंखा, हवेचा मार्ग आणि बाहेर जाणाऱ्या नळीत साचते. बाहेर हवा सोडणाऱ्या साध्या ड्रायरमध्ये ही नळी बिघाडाचे पहिले स्थान असते. यंत्र भिंतीकडे ढकलताना ती दबते. लांबी जितकी जास्त आणि वळणे जितकी अधिक, तितका हवेचा जोर कमी होतो. घडीच्या प्लास्टिक नळीच्या प्रत्येक घडीत लव अडकते. गुळगुळीत आतील बाजूची धातूची नळी अधिक सुरक्षित. बंगळुरूच्या सज्जांमध्ये आणखी एक अडथळा नेहमी आढळतो. कबुतरांसाठी किंवा डासांसाठी लावलेली बारीक जाळी नळीच्या तोंडावरच येते आणि काही महिन्यांत तिच्यावर राखाडी नमद्यासारखा थर जमतो. बाहेर उभे राहून हे तोंड पाहिले जात नाही, म्हणून दोष वर्षानुवर्षे लक्षात येत नाही.

तपासणी सोपी आहे. यंत्र चालू असताना बाहेरच्या तोंडाशी हात धरावा. दमट, कोमट झोत जोराने आला पाहिजे. झोत मंद असल्यास यंत्र बंद करून, प्लग काढून नळी सोडवावी आणि नळीविना काही मिनिटे यंत्र चालवून पाहावे. आता झोत जोरदार आला, तर दोष नळीत. तरीही मंद राहिला, तर यंत्राच्या आत किंवा पंख्यात. या एका चाचणीने निम्मी शंका मिटते आणि तिला कोणतेही अवजार लागत नाही.

लव ही अत्यंत ज्वालाग्राही वस्तू आहे. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या 2008 ते 2010 या काळातील आकडेवारीनुसार, त्या देशात निवासी इमारतींमधील ड्रायरमुळे दरवर्षी सुमारे 2,900 आगी लागत होत्या आणि यंत्र स्वच्छ न ठेवणे हे त्यांचे प्रमुख कारण होते. ब्रिटनमधील प्रकरण अधिक गाजले. व्हर्लपूल समूहाच्या हॉटपॉइंट, इंडेसिट आदी नाममुद्रांखाली 2004 ते 2015 दरम्यान तयार झालेल्या ड्रायरमध्ये लव तापणाऱ्या भागापर्यंत पोहोचू शकते, असे कंपनीने नोव्हेंबर 2015 मध्ये जाहीर केले. ऑगस्ट 2016 मध्ये लंडनच्या शेफर्ड्स बुश भागातील 18 मजली इमारतीला आग लागली. तिचा उगम अशाच एका ड्रायरमध्ये आढळला. तोवर ग्राहकांना दिलेला सल्ला ‘यंत्र लक्ष ठेवून वापरा’ असा होता. दुरुस्त न झालेली यंत्रे परत मागवण्याची मोहीम 2019 मध्ये सुरू झाली. यंत्राचा दोष कारखान्यातला असो वा घरातला, आगीला लागणारे इंधन दोन्हीकडे एकच होते.

तेलकट कपड्यांचा धोका याच जातीचा. दिवाळीतील अभ्यंगस्नानाचे पंचे किंवा स्वयंपाकघरातील फडकी धुतल्यावरही तेलाचा अंश धरून ठेवतात. ती गरम करून ढिगात ठेवल्यास तेलाच्या ऑक्सिडीकरणाने आतली उष्णता आपोआप वाढत जाते आणि कपडे पेटूही शकतात. असे कपडे उन्हातच वाळवावेत. ड्रायरच्या कार्यक्रमातील अखेरची, थंड हवेची मिनिटे याच कारणासाठी दिलेली असतात. ती वगळून गरम कपडे आत सोडून देऊ नयेत.

पिंप फिरते, पण हवा गार

हवेचा मार्ग मोकळा असूनही उष्णता येत नसेल, तेव्हाच विद्युत तपासणीकडे वळावे. त्याआधी कार्यक्रम ‘केवळ हवा’ या पर्यायावर तर नाही ना, हे पाहणे कमीपणाचे नाही. घरातील विद्युतदाबही पाहावा. 230 व्होल्टला 2,000 वॅट देणारी कॉइल 200 व्होल्टला जेमतेम 1,500 वॅट देते, कारण उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. संध्याकाळी उशिरा वाळणारे कपडे दुपारी वेळेत वाळत असतील, तर दोष यंत्राबाहेर शोधावा.

यापुढील तपासणी प्लग काढूनच करावी. बटण बंद करणे पुरेसे नाही. मल्टिमीटर रोध मोजण्यासाठी लावून कॉइलच्या दोन्ही टोकांमधील वाचन घ्यावे. 2,000 वॅटच्या कॉइलसाठी ते 26 ओहमच्या आसपास येते. वाचन अनंत दाखवत असेल तर कॉइल तुटलेली आहे. त्यानंतर कॉइलचे एक टोक आणि यंत्राचा धातूचा सांगाडा यांच्यात मोजावे. येथे कोणताही कमी रोध दिसणे म्हणजे वीज सांगाड्यात उतरण्याचा धोका. असे यंत्र पुन्हा जोडू नये.

कॉइल धड असेल, तर तिच्या वाटेवरील उष्णतारक्षक तपासावेत. थर्मोस्टॅट ठरावीक तापमानाला वीज तोडतो आणि थंड झाल्यावर पुन्हा जोडतो. काही यंत्रांत हाताने दाबून पूर्ववत करण्याचा लाल ठिपका असतो. थर्मल फ्यूज मात्र एकदाच तुटतो. सामान्य तापमानाला त्याच्या टोकांमध्ये वाचन शून्याजवळ हवे. ते अनंत आल्यास फ्यूज गेला.

दुरुस्तीच्या व्यवसायातील सर्वांत घातक सवय येथे दिसते. गेलेल्या फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा जोडून यंत्र ‘चालू करून’ दिले जाते. ग्राहक समाधानी होतो, कारण कपडे पूर्वीपेक्षा लवकर वाळतात. वास्तविक यंत्रातील अखेरचा पहारेकरी त्यातून काढून टाकलेला असतो. फ्यूज कारणाविना तुटत नाही. हवा अडली, थर्मोस्टॅट चिकटला किंवा पंखा मंदावला म्हणूनच तापमान तेथवर चढते. त्यामुळे नवा फ्यूज बसवण्याआधी नळी, पंखा आणि थर्मोस्टॅट तपासले का, हा प्रश्न ग्राहकाने विचारलाच पाहिजे. त्याच मूल्याचा फ्यूज हाताशी नसेल, तर यंत्र बंद ठेवावे. जुना भाग परत मागून घेणे हाही ग्राहकाचा रास्त आग्रह आहे.

फिरणे, आवाज आणि अकाली थांबणे

यंत्रात मुळीच हालचाल नसेल, तर सॉकेट दुसऱ्या उपकरणाने तपासून दाराच्या स्विचकडे पाहावे. दार लावताना ‘टक्’ असा आवाज यायला हवा. मोटर गुणगुणते पण पिंप स्थिर आहे, अशा वेळी यंत्र बंद करून पिंप हाताने फिरवावे. ते अगदी सहज, कोणताही प्रतिकार न करता फिरले तर पट्टा तुटलेला असतो. जड लागले तर पट्टा शाबूत आहे आणि संशय मोटरच्या कपॅसिटरवर जातो. येथे शब्दांचा एक घोळ सांभाळावा लागतो. अनेक कारागीर कपॅसिटरला ‘कंडेन्सर’ म्हणतात, तर कंडेन्सर ड्रायरमधील कंडेन्सर ही वाफेचे पाणी करणारी पूर्णपणे वेगळी वस्तू आहे. खर्चाच्या अंदाजात ‘कंडेन्सर बदलला’ असे लिहिले असेल, तर नेमके काय बदलले हे विचारून घ्यावे. दोहोंच्या किमतीत मोठा फरक असतो. कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ विद्युतभार धरून ठेवतो. त्याला अननुभवी हात लावू नये.

किंचाळण्यासारखा आवाज पिंपाखालच्या चाकांचा किंवा पट्टा ताणणाऱ्या कप्पीचा असतो. खरखर ऐकू आल्यास पंख्यात नाणे, गुंडी किंवा अंतर्वस्त्रातील तार अडकल्याची शक्यता मोठी. दीर्घकाळ बंद असलेल्या यंत्रात सुरुवातीची धडधड दोन-चार मिनिटांत थांबत असेल, तर काळजीचे कारण नाही.

कपडे दमट असतानाच यंत्र ‘वाळले’ असे सांगून थांबत असेल, तर पिंपातील धातूच्या दोन चकचकीत पट्ट्या पुसाव्यात. ओल्या कपड्याने या पट्ट्यांमध्ये अतिसूक्ष्म प्रवाह वाहतो आणि त्यावरून यंत्र ओल ओळखते. कपडे मऊ करणाऱ्या द्रावणाचा किंवा कठीण पाण्यातील क्षारांचा थर बसला की हा अंदाज चुकतो. व्हिनेगरमध्ये भिजवलेले मऊ कापड पुरते. कूपनलिकेच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या इमारतींत हे वारंवार करावे लागते.

कंडेन्सर ड्रायरला बाहेरची नळी नसते. त्यातील पाण्याची टाकी प्रत्येक वेळी रिकामी करावी लागते आणि खालच्या बाजूचा उष्णता विनिमयक बाहेर काढून नळाखाली धुवावा लागतो. हे यंत्र खोलीतील हवेवरच थंड होते; बंद, लहान सज्जात ते स्वतःच्याच उष्णतेत गुदमरते. खिडकी उघडणे हीच कित्येकदा पूर्ण दुरुस्ती ठरते. हीट पंपावर चालणारे ड्रायर सुमारे निम्म्या विजेत काम करतात. त्यांतील शीतक वायूची बंद प्रणाली घरी उघडण्याची नाही. अनेक यंत्रांत प्रोपेन हा ज्वालाग्राही वायू असतो, त्यामुळे तेथे प्रशिक्षित तंत्रज्ञच हवा.

पिळण्याच्या भांड्याचे दुखणे

अर्धस्वयंचलित यंत्रातील ड्रायर न फिरल्यास प्रथम झाकण नीट बसले आहे का ते पाहावे, कारण झाकणाखालील सुरक्षा स्विच वीज तोडतो. भांडे आणि बाहेरील कवच यांच्या फटीत मोजा किंवा रुमाल अडकणे ही अत्यंत सामान्य गोष्ट. कपड्यांवर प्लास्टिकची चकती ठेवली जाते ती नेमकी हे टाळण्यासाठी, आणि ती पहिल्या वर्षातच हरवते. झाकण उघडल्यावर भांडे काही सेकंदांत थांबले पाहिजे. ते फिरतच राहत असेल, तर ब्रेकची तार सैल झाली आहे. फिरत्या भांड्यात हात घातल्याने बोटांना गंभीर इजा होऊ शकते. हा दोष पुढे ढकलू नये. उलट, भांडे गुणगुणते पण वेग घेत नाही, तेव्हा ब्रेक अडकलेला किंवा कपॅसिटर अशक्त झालेला असतो.

भांड्याच्या तळाशी दांड्याभोवती रबरी बूट असतो. तो फाटल्यास साबणाचे पाणी थेट खालच्या मोटरवर गळते. यंत्राखालचे ओघळ, जळका वास किंवा अंगाला बसणारा हलका झटका यांपैकी काहीही जाणवल्यास यंत्राला हात न लावता मुख्य स्विच बंद करावा. दोन-तीनशे रुपयांचा रबरी भाग वेळेवर न बदलल्याने मोटर गमावल्याची उदाहरणे प्रत्येक दुरुस्तीच्या दुकानात सापडतात.

सॉकेटपर्यंतची जबाबदारी

दोन किलोवॅटचा ड्रायर जवळपास नऊ अँपिअर प्रवाह घेतो. त्याला 16 अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट हवा. मोठी पिन लहान सॉकेटमध्ये बसवणारा जोड किंवा एक्स्टेन्शन बोर्ड वापरल्यास प्लास्टिक वितळून आग लागू शकते. अर्धा तास यंत्र चालल्यावर प्लग हाताला चटका देत असेल, तर दोष ड्रायरचा नसून जोडणीचा आहे. ओल्या जागेतील या यंत्राला कार्यक्षम अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरला तुटणारे गळतीरक्षक उपकरण आवश्यक आहे. ते वारंवार तुटत असल्यास ‘त्रास देते’ म्हणून काढून टाकू नये. बहुधा कॉइलचे आवरण तडकलेले असते आणि ते उपकरण तेच सांगत असते.

दुरुस्ती परवडते की नवे यंत्र घ्यावे, याचे उत्तर भागावर अवलंबून आहे. पट्टा, फ्यूज, दाराचा स्विच, चाके आणि रबरी भाग दुरुस्तीच्याच बाजूचे. नियंत्रण पट्टिका किंवा हीट पंपाचा कॉम्प्रेसर गेल्यास हमीची मुदत आणि यंत्राचे वय पाहून निर्णय घ्यावा. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये ‘दुरुस्तीचा अधिकार’ हे संकेतस्थळ सुरू केले असून, उत्पादकांची माहितीपत्रके, सुटे भाग आणि हमी यांची माहिती तेथे एकत्र देण्याचा हेतू आहे. सेवेबाबतची तक्रार राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीच्या 1915 या क्रमांकावर नोंदवता येते. निकामी यंत्र भंगारात देताना 1 एप्रिल 2023 पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राची निवड करावी.

बसवनगुडीपासून फार दूर नसलेल्या सदर पत्रप्पा रस्त्यावर, म्हणजे शहराच्या परिचयाच्या एस. पी. रोडवर, इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांची मोठी बाजारपेठ आहे. तेथे जाण्यापूर्वी यंत्राचा प्रारूप क्रमांक टिपून घ्यावा, कारण एकाच कंपनीच्या दोन ड्रायरचे पट्टे काही मिलिमीटरच्या फरकानेही जुळत नाहीत आणि फ्यूजचे तापमान वेगळे असू शकते. हा क्रमांक लिहिलेली पट्टी बहुतेक यंत्रांत दाराच्या आतल्या चौकटीवर किंवा मागील पत्र्यावर असते. जुन्या भागावरील आकडेही छायाचित्र काढून सोबत न्यावेत.